पत्रा ठोकायचा की बदलायचा? जुन्या स्पोर्ट्स कारच्या बॉडीचा हिशेब

जुन्या स्पोर्ट्स कारचं मडगार्ड चेपलं किंवा दाराखालच्या सिलवर रंगाला फोड आले, की सल्ले देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, मूळ पत्रा हीच गाडीची खरी किंमत, त्याला कटर लावायचा नाही. दुसरा म्हणतो, नवं पॅनेल मिळत असताना जुन्यावर हातोडी झिजवायची कशाला? दोघंही कुठल्या ना कुठल्या गाडीबद्दल बरोबर असतात. तुमची गाडी कुठली, पॅनेल कुठलं आणि इजा कसली, हे ठरेपर्यंत मात्र या वादातून हाती काही लागत नाही.

माझं मत आधीच सांगतो. पोचा असेल तर दुरुस्ती आणि गंज असेल तर बदल. पण बदल अख्ख्या पॅनेलचा नव्हे, खाल्लेल्या पत्र्याचा. अख्खं पॅनेल काढण्याची पाळी लोकांना वाटते त्यापेक्षा कमी वेळा येते. आणि जिथे खरंच येते, तिथे नेमके लोक वरून ठिगळ मारून मोकळे होतात.

पोच्याचं गणित

धडकेत पत्रा नाहीसा होत नाही. तो सरकतो, थोडा ताणला जातो आणि घडी पडते तिथे कडक होतो. म्हणजे तो परत आणता येतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक गाड्यांचा पोलादी पत्रा ०.९ ते १ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मऊ असतो. आजच्या गाड्यांतल्या जास्त ताकदीच्या पोलादापेक्षा तो हातोडीचं जास्त ऐकतो. चांगला डेंटर आल्या आल्या ठोकायला लागत नाही. धक्का कुठून आला, पत्रा कुठल्या क्रमाने दुमडला हे आधी वाचतो आणि उलट्या क्रमाने उलगडत जातो. शेवटी पडलेली घडी सगळ्यात आधी निघते. आतून डॉली (टेकवायचा लोखंडी ठोकळा), बाहेरून हातोडी, मधूनमधून कानस फिरवून उंच-सखल बघायचं, हे काम दिसायला संथ असतं; पण मडगार्डचा आकार आणि दाराशी असलेली फट जागच्या जागी राहते. नवं पॅनेल बसवताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

पत्रा फार ताणला गेला असेल तर बोटाने दाबल्यावर टक्कन आत जातो आणि टक्कन बाहेर येतो. तो गरम करून आकसवावा लागतो. जमतं, पण हे सगळ्यांचं काम नव्हे. पत्रा फाटला असेल, आकाररेषेवर तीक्ष्ण घडी पडली असेल किंवा मागच्या कारागिराने भोकं पाडून ओढून ठेवलेलं असेल, तर दुरुस्तीचे तास झपाट्याने वाढतात आणि तयार पॅनेल परवडू लागतं.

म्हणून ठरवण्याआधी त्या पॅनेलचा इतिहास काढा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावलं, तर कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास दिसतो. काही शे मायक्रॉन म्हणजे पुन्हा रंगवलेली गाडी. हजाराच्या पुढे आकडा गेला की खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे असं समजा. यंत्र नसेल तर कापडात गुंडाळलेला साधा लोहचुंबकही बरंच सांगतो. आणि पॅनेलची मागची बाजू बघाच. पुढून आरसा असलेलं मडगार्ड मागून जुन्या वेल्डिंगने आणि हातोडीच्या खुणांनी भरलेलं असू शकतं.

लांबीला उगाच नावं ठेवू नयेत. दोन-तीन मिलिमीटरच्या आत, स्वच्छ पत्र्यावर, ती वर्षानुवर्षं टिकते. जुने कारागीर त्या जागी शिसं वापरत, आणि कारखान्यातही पॅनेलांचे सांधे शिशानेच लपवले जात. ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसं असलेला मिश्रधातू साधारण १८३ ते २५५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लोण्यासारखा पसरतो. मूळ पद्धत जपायची असेल तर हा मार्ग उत्तमच. फक्त खालचं फ्लक्स (शिसं चिकटावं म्हणून लावलेलं रसायन) नीट धुतलं गेलं नाही तर पुढे रंगाला फोड येतात, आणि शिशाला मशीनने घासायचं नाही, हाताच्या कानशीनेच उतरवायचं. ती धूळ विषारी असते.

गंजाला दुरुस्ती नाही, छाटणी आहे

रंगावर आलेला फोड ही गंजाची सुरुवात समजण्याची चूक सर्रास होते. मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, सिलमध्ये, दाराच्या तळाशी चिखल आणि पाणी साठतं आणि पत्रा आतून सडत बाहेर येतो. तुम्हाला दिसतं ते शेवटचं टोक. गंज थोपवणारी रसायनं वरवरच्या तांबेऱ्यावर ठीक. आरपार खाल्लेल्या पत्र्यावर ती लावून रंग चढवणं म्हणजे पुढच्या मालकासाठी काम राखून ठेवणं.

इथे खरी तुलना तीन पर्यायांत आहे: खाल्लेला भाग कापून तेवढाच पत्रा घडवून जोडणं, बाजारात मिळणारा अर्धा तुकडा आणणं, किंवा अख्खं पॅनेल बदलणं. माझा कल पहिल्या दोघांकडे आहे, एका अटीवर. सांधा कुठे येणार हे आधी ठरलं पाहिजे. वळणाजवळ किंवा आकाररेषेलगत सांधा घेतला, तर तिथला पत्रा मुळातच ताठ असल्याने उष्णतेने वाकत नाही. सपाट भागाच्या मधोमध तीच वेल्डिंग केली तर पत्रा लाटा खातो आणि लाटा लपवायला मग लांबीचे थर येतात. दोन कडा एकमेकींना टेकवून, एकमेकांपासून दूर दूर टाके घेत, गार होऊ देत जोडल्या तर सांधा मागून-पुढून ठोकता येतो. टिग (हाताने वेगळी तार देत केलेली विजेची वेल्डिंग) किंवा गॅसची वेल्डिंग तुलनेने मऊ राहते. मिगचा (यंत्रातून आपोआप तार येणाऱ्या वेल्डिंगचा) टाका कडक असतो, तो घासावाच लागतो. एकावर एक पत्रा चढवून जोडणं झटपट होतं, पण त्या दोन थरांमध्ये पाणी शिरतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

अख्खं पॅनेल केव्हा? मागून हात पोहोचत नसेल, पत्रा बऱ्याच ठिकाणी पातळ झाला असेल, किंवा आधीच तीन ठिगळं असतील तेव्हा. चौथं लावू नका.

पॅनेल कशाने धरलंय?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि निम्मा निर्णय इथेच होतो.

ट्रायम्फ टीआर६सारख्या वेगळी चासी असलेल्या गाडीत पुढची-मागची मडगार्डं बोल्टने बसलेली असतात. ती काढून टेबलावर ठेवून दुरुस्त करता येतात किंवा सरळ बदलता येतात. बदललेली आवडली नाहीत तर जुनी परत लावता येतात. परत फिरायला वाट आहे, म्हणून इथे बदलण्याची भीती बाळगू नये. एमजीबीची पुढची मडगार्डंही बोल्टचीच, पण काही बोल्ट डॅशबोर्डच्या मागे दडलेले असतात, तेव्हा ‘बोल्टचंच तर आहे’ हे वाक्य जपून वापरावं. पोर्शे ९११ मध्ये पुढचं मडगार्ड बोल्टचं आणि मागचं बॉडीला वेल्ड केलेलं. एकाच गाडीत, एकसारख्याच पोच्याला पुढे आणि मागे वेगळं उत्तर येऊ शकतं. पुढचं बदला; मागचं शक्य तोवर ठोकून घ्या. मागचं अख्खं काढायचं तर कारखान्याचे स्पॉट वेल्ड ड्रिल करून सोडवावे लागतात, आणि एकदा ते सुटले की मूळ बॉडीचा तो पुरावा कायमचा जातो. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेल्या पत्र्याची आहे. तिथे कापाकापी जितकी कमी तितकं बरं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त उडून जातं आणि तो पट्टा उघडा पडतो.

जॅग्वार ई-टाइपचं ते लांबलचक बॉनेट एकसंध दिसतं, पण मधला भाग आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या असून कडांना बोल्टने जोडलेल्या असतात. सांध्यावर चकचकीत पट्टी बसते. एक बाजू चेपली म्हणून पूर्ण बॉनेट मागवण्याची गरज नसते.

आणि सिल. मोनोकॉक बॉडीच्या, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, उघड्या टपाच्या गाडीत सिल म्हणजे शोभेची पट्टी नव्हे, ती गाडीचा कणा आहे. वर छप्पर नसल्याने वाकण्याला विरोध करणारं मुख्यतः तेच. एमजीबीचं बाहेरचं सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या खालून जातं. नीट बदलायचं तर मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. ते टाळण्यासाठी सडलेल्या सिलवर वरून नवं आवरण वेल्ड केलेल्या गाड्या खूप आहेत. बाहेरून छान दिसतात. विकत घेताना दार उघडून बंद करून बघा. जॅक लावल्यावर दाराची फट बदलत असेल, तर आतलं सगळं संपलेलं आहे. इथे दुरुस्ती की बदल असा प्रश्नच नाही, बदलच. पण कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करून घ्या, गाडी चाकांवर असताना जसा भार असतो तसाच आधार खालून द्या, आणि दार लावूनच नवं सिल टाक्यांवर धरा. फटी जुळल्या की मगच पक्कं. हा क्रम चुकला तर गाडी मधून खचलेलीच कायमची वेल्ड होते, आणि मग कुठलंच दार कधी नीट लागत नाही.

‘नवं’ पॅनेल किती नवं?

नव्या पॅनेलच्या नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कारखान्याचा जुना शिल्लक माल सगळ्यात उत्तम बसतो, पण दुर्मिळ. आणि गोदामात पडून कडेला गंजलेलाही असू शकतो. त्यानंतर मूळ साच्यांवर आजही काढलेली पॅनेल्स. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून एमजीबीच्या अख्ख्या बॉडी याच पद्धतीने बनवल्या. पोर्शेही जुन्या गाड्यांची बॉडी पॅनेल्स पुरवते. तिसरी, कुणीतरी नमुना बघून बनवलेली. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाची: आकाररेषा बोथट, कडा आखूड, बोल्टची भोकं सरकलेली. चौथी, दुसऱ्या गाडीवरून काढलेली जुनी. मला स्वतःला ही चौथी तिसऱ्यापेक्षा नेहमी बरी वाटते. किरकोळ पोचा असलेलं पण मूळ साच्यातलं मडगार्ड सरळ करणं, चुकीच्या आकाराचं कोरं मडगार्ड वळवण्यापेक्षा सोपं.

किमतीची तुलना करताना फक्त पॅनेलचा भाव आणि डेंटरची मजुरी समोरासमोर ठेवली जाते, तिथे फसगत होते. नव्या पॅनेलच्या बाजूला बसवणूक, फटी जुळवणं, शेजारच्या पॅनेलशी रंग मिळवणं आणि आतली गंजरोधक मेण-फवारणी हे सगळं धरा. नमुना बघून बनवलेल्या पॅनेलच्या बाबतीत बसवणुकीचे तास दुरुस्तीच्या तासांना सहज गाठतात.

हाताने घडवलेल्या गाड्या

वरचं सगळं गणित साच्यातून निघालेल्या गाड्यांचं. ॲस्टन मार्टिन डीबी५ ची ॲल्युमिनियमची कातडी बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर हाताने चढवलेली आहे. अशा गाडीत डावी-उजवी बाजूदेखील तंतोतंत सारखी नसते, मग दुसऱ्या गाडीचं पॅनेल कसं बसणार? इथे ‘बदलणं’ म्हणजे त्याच गाडीसाठी नवं घडवणं. जुनं वाचवता येत असेल तोवर वाचवा. पोर्शे ३५६ च्या दारांवर आणि झाकणांवर चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते दार भंगारात टाकलं, तर जुळणाऱ्या आकड्यांची ती साखळी तुटते आणि पुढे विकताना खरेदीदार ते बरोबर शोधतो.

ॲल्युमिनियम ठोकणाऱ्याचा अनुभव मात्र विचारून घ्या. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही. क्षणभर जास्त गरम झालं की खाली भोक. ऑस्टिन-हीली ३००० मध्ये आणखी एक गुंता आहे. पुढचं आणि मागचं आच्छादन ॲल्युमिनियमचं, मडगार्डं पोलादी. दोन धातू टेकतात आणि ओल मिळते तिथे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत खाल्लं जातं. नुसतं मडगार्ड बदलून उपयोग नाही, त्या कडेवर धातू वेगळे ठेवणारा थर द्यावाच लागतो.

फायबरच्या गाड्या, म्हणजे कॉर्व्हेट किंवा लोटस एलान, यांचं सोपं आहे. गंज नाही, ताण नाही. तडा गेलेला भाग निरोगी थरापर्यंत उतरता घासून नवे थर चढवले की सांधा पक्का होतो. वरवर चिरा बुजवून रंगवलं तर त्याच चिरा पुन्हा उमटतात. पॅनेल तुकडे होऊन हरवलं असेल तरच बदला, आणि तेव्हा एलानमध्ये आतली पोलादी चासीही बघून घ्या, कारण बॉडी न गंजणारी असली तरी चासी गंजते.

काहीही ठरवलं तरी, नवं पॅनेल रंगवण्याआधी कोरंच गाडीवर लावून बघा: बिजागऱ्या, कुलूप, रबर, दिवे सगळं बसवून. रंग लावल्यावर विक्रेता ते परत घेत नाही. आणि जुनं पॅनेल गाडी पूर्ण जुळेपर्यंत फेकू नका. दिव्याचं भोक नेमकं कुठे होतं, कडेची पट्टी किती रुंद होती, हे मोजायची वेळ येतेच. कापण्याआधीचे, कापतानाचे आणि बंद करण्याआधीचे आतल्या बाजूचे फोटो तारखेसकट ठेवा. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फीवा हिच्या ट्युरिन सनदेचाही आग्रह हाच आहे की मूळ पत्रा शक्य तितका राखावा आणि जे बदललं त्याची नोंद असावी. विकायची वेळ आली तर रंगाखाली काय आहे हे खरेदीदाराला दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असेल.