रीफ टँकसाठी २,८४,००० रुपये मोजले आणि पाण्यात पडलं मिठागराचं मीठ

गोव्यात कोणी घरी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी बसवायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा, मग पैसे काढा. माझे २,८४,००० रुपये गेले. आकडे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून सगळे देतो. चार बाय दोन बाय दोन फुटांची काच, स्टँड आणि खालचा संप (पाणी गाळायची खालची टाकी) ७८,०००. पाणी थंड ठेवणारा चिलर ४२,०००. एलईडी लाइट ३६,०००. स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढतो तो) आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) २४,५००. 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवंत जीव वसलेला समुद्री दगड, चाळीस किलो, ९०० रुपये किलोने ३६,०००. मीठ ९,५००. मासे आणि प्रवाळ ५८,०००. यातली काच, स्टँड आणि वेव्हमेकर तेवढे खरे निघाले. चिलरवर नवा स्टिकर होता, आत कॉम्प्रेसर जुना. तो दुसऱ्याच आठवड्यात बसला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण जुना चिलर नवा म्हणून विकणारे सगळीकडे आहेत आणि सगळ्यांना ते माहीत आहे. मला लिहायचंय ते ९,५०० रुपयांच्या मिठाबद्दल. सगळ्या बिलात सर्वात स्वस्त वस्तू तीच होती आणि टाकी मारली तिनेच.

'माशांवर एवढे पैसे?' असं विचारणाऱ्यांना मला उत्तर द्यायचं नाही. मी कित्येक वर्षं गोड्या पाण्याच्या, झाडांच्या टाक्या ठेवतोय. रीफचं वाचूनच उतरलो होतो. खारटपणा हजारी ३५ म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) साधारण १.०२५, तापमान २५-२६ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,३००च्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८-९, पाणी आरओ-डीआयचं म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. हे मला तोंडपाठ होतं. टाकी लावून देणाऱ्या त्या माणसाला मी पहिल्याच भेटीत हे सगळं विचारलं आणि त्याने एकूण एक उत्तर बरोबर दिलं. फोंड्याला घरी येऊन दोन तास बसला, कागदावर संपचा नकाशा काढला, रिटर्न पंप किती लिटरचा हवा ते हिशेब करून सांगितलं. आमच्या भिंतीला दुपारचं ऊन लागतं म्हणून टाकीची जागाही त्यानेच बदलून घेतली. असा माणूस भामटा आहे हे कोणी ओळखलं असतं ते मला दाखवा. अर्धवट माहितीवाला नुसता चुकतो. लुबाडणाऱ्याला पुरी माहिती असते, कुठली चाचणी तुम्ही करणार आणि कुठली नाही हेसुद्धा त्याला ठाऊक असतं.

मीठ आलं त्या दिवसाचं सांगतो. तोच क्षण अजून डोक्यातून जात नाही.

चांगलं रीफ मीठ छापील बादलीत किंवा सीलबंद पिशवीत येतं. त्यावर बॅच नंबर असतो, किती लिटरला किती घालायचं ते लिहिलेलं असतं, आणि मीठ बारीक, कोरडं, एकसारखं असतं. हा माणूस दोन पांढऱ्या गोणी घेऊन आला. गोणीवर एक अक्षर छापलेलं नाही. म्हणाला, "बाब, बल्कमध्ये मागवतो, मुंबईला उतरतं, बादलीचे पैसे वाचतात म्हणून तुम्हाला एवढ्यात देतो." मी हात घातला. खडे जाड होते, किंचित करडे, आणि हात ओला झाला. आई मागे उभी होती. तिचं माहेर पेडण्यात, आगरवाड्याच्या बाजूला, लहानपण मिठागरांच्या कडेला गेलेलं. तिने चिमूटभर बोटांत चोळलं आणि म्हणाली, "हें तर मिठागरांतलें मीठ मरे."

तो लगेच म्हणाला, "मावशी, मीठ शेवटी समुद्रातलंच ना?" आणि मग मीठ पाण्यात कालवून मला रिफ्रॅक्टोमीटर दिला, "तुम्हीच बघा." मी पाहिलं. १.०२५. अगदी रेघेवर.

आता कोणी म्हणेल, आईने सांगितलं तेव्हाच थांबायचं. पण माझ्या हातात यंत्र होतं आणि यंत्र बरोबर आकडा दाखवत होतं. यंत्रावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. फसवणूक तिथेच दडलेली होती आणि ती नीट समजून घ्या. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात क्षार किती आहेत ते सांगतो, कुठले आहेत ते सांगत नाही. निव्वळ जेवणातलं मीठ विरघळवलं तरी रेघ जवळपास तिथेच येईल. मिठागरात समुद्राचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात आटवत नेतात. कॅल्शियमचा मोठा भाग जिप्सम होऊन आधीच्या कप्प्यांत खाली बसतो, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतं, जे सोडून देतात. पेजेला, लोणच्याला ते मीठ उत्तम. प्रवाळाला सांगाडा बांधायला जे लागतं ते नेमकं त्यातून गेलेलं असतं.

कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी मोजायचं किट मी मागितलं होतं. त्याने यादीतून काढलं. "पहिले दोन महिने गरज नाही, नव्या मिठात सगळं असतं, उगाच चार हजार कशाला घालता?" माझे पैसे वाचवतोय असं दाखवून त्याने माझे डोळे बांधले. विकणारा माणूस स्वतःहून एखादी वस्तू यादीतून काढायला लागला तर ती वस्तू आधी विकत घ्या, दुसऱ्या दुकानातून.

लाइव्ह रॉकचंही तेच. जांभळा-गुलाबी थर बघून मी खूश झालो, कोरलाइन शेवाळ धरलंय म्हणून. तो रंग होता. नंतर ब्रशने घासल्यावर बादलीतलं पाणी गुलाबी झालं आणि खालून कोरडा पांढरा दगड निघाला. खरा जिवंत दगड ओला येतो, त्याला समुद्राचा वास येतो, भोकांतून बारीक किडे, नळीतले जंत हलताना दिसतात. दगड कोरडा मिळाला तर वाईट नाही, बरेच जण मुद्दाम कोरडाच घेतात, पण तो कोरड्याच्या भावाने घ्यावा. आणि कोरड्या दगडाच्या टाकीला मुरायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसायला, चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. त्याने बाटलीतले बॅक्टेरिया ओतले, आठवड्याभरात अमोनियाची चाचणी करून 'शून्य' दाखवलं आणि टाकी तयार म्हणून जाहीर केलं. टाकीत अमोनिया तयार व्हायला काही घातलंच नव्हतं तर शून्य येणारच! अमोनिया घालून तो वर चढतो, मग नायट्राइट चढतं, मग दोन्ही उतरतात, हे आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही मासा सोडू नका.

घाई कशाची, तर चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. घरात पंधरा-वीस माणसं येणार, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली) मुलं जमणार, तोवर टाकी तयार हवी असं मी म्हणालो होतो हे खरं. ते त्याने बरोबर पकडलं. चवथीच्या आधी तो ५८,००० रुपयांचा माल घेऊन आला: माशांत दोन क्लाउनफिश आणि एक ब्लू टँग, प्रवाळांत एक हॅमर, दोन टॉर्च, अ‍ॅक्रोपोराचे तीन तुकडे आणि झोअँथिडचे दोन दगड. ब्लू टँगला चार फुटांची टाकी पुरत नाही, तो मासा फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला निदान सहा फूट लागतात. अ‍ॅक्रोपोरा तर नव्या टाकीत घालायची गोष्टच नव्हे, जाणकार माणूस महिनोन्महिने थांबतो. हे मी बोललोही. "मी आहे ना," म्हणाला.

टॉर्च उघडलेच नाहीत. अ‍ॅक्रोपोराचं मांस तळापासून सुटत वर गेलं आणि खाली पांढरा सांगाडा राहिला. ब्लू टँग दगडाआड आडवा पडून धापा टाकत होता. नैवेद्य दाखवायच्या वेळी मी जाळीने मेलेला मासा काढत होतो आणि माझी मुलगी बघत होती. त्याला फोनवर फोन केले. पहिले दोन दिवस 'पाणी बदला' सांगितलं. त्याच गोणीतल्या मिठाने आम्ही पाणी बदलत राहिलो! मग फोन बंद. किट मी ४,२०० रुपयांना बाहेरून मागवलं. कॅल्शियम १००च्या आत. अल्कलिनिटी २. मॅग्नेशियमचा आकडा बघून मला वाटलं किटच बिघडलंय, म्हणून परत केली. तोच आकडा.

शेवटी तो भेटला तेव्हा मी पैसे मागितले. त्यावर तो काय म्हणाला ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. "तक्रार करा की. हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा शेड्युल एकमध्ये आहेत. टाकी कोणाच्या घरात होती?"

हे खरं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रघोडेही आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं. मला त्याने माल देताना 'परदेशात टाकीत वाढवलेले' असं रंगीत छापील प्रमाणपत्र दिलं होतं, शिक्का वगैरे सगळं. परवाना क्रमांक त्यावर नव्हता. टाकीत वाढवलेला तुकडा छोट्या सिमेंटच्या चकतीवर चिकटवलेला येतो. माझ्या हॅमरचा तळ ताजा फोडलेला होता. कुठून फोडला देव जाणे. दगडी प्रवाळ कोणी विकायला आणला, प्रमाणपत्र कितीही सुंदर असो, त्याला दारातूनच परत पाठवा. तो कायदा प्रवाळ वाचवायला केला आणि हा माणूस त्याची ढाल करून माझ्यासारख्यांना गप्प बसवतो.

मी गप्प बसलो नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मासे मेले म्हणून कम्प्लेंट?" आणि शेजारचे दोघे हसले. मग म्हणाले हे सिव्हिल मॅटर. कसलं सिव्हिल? खोटा माल खरा म्हणून देऊन पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेची. मी कलम सांगितलं तर "वकील आहात काय?" पैसे यूपीआयने गेले म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर तक्रार घातली. ती ज्या कार्यालयात पोचली तिथून फोन आला की माणूस तुम्हाला भेटलाय, माल घरी आलाय, म्हणजे हे सायबर नव्हे. वनखात्याच्या कार्यालयात मी स्वतः जाऊन सांगितलं की माझ्या घरात मेलेले प्रवाळ आहेत, विकणाऱ्याला पकडा. त्यांनी विकणाऱ्याचं नाव लिहून घेतलं नाही, माझं घेतलं. पंचनामा करायला येतो म्हणाले. सांगाडे बादलीत घालून ठेवले, कोणी आलं नाही. मत्स्य कार्यालयात कळलं की शोभेच्या माशांचा संबंध तिथे फक्त योजनांपुरता. प्रत्येक टेबलावर मला दुसऱ्या टेबलाचं नाव मिळालं. एका ठिकाणी जेवणाची सुट्टी संपायची वाट बघत बसलो, संपल्यावर कळलं की ज्यांना भेटायचं ते सकाळपासूनच पणजीला गेलेत. माझी रजा, माझं पेट्रोल, माझ्याच कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि तो माणूस त्याच आठवड्यात नव्या गिऱ्हाइकाला गोणी पोचवत होता. एखाद्या खात्याने त्याच्या गोदामात जाऊन एक गोणी उघडली असती तरी पुरे होतं. अर्ध्या तासाचं काम.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे, त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी पाठवलीय. गोणीवर काहीच छापलेलं नसणं हाही वेगळा गुन्हा ठरू शकतो, किरकोळ विक्रीच्या पाकीटबंद मालावर वजन, किंमत, बांधणाऱ्याचं नाव पत्ता लागतो, त्यामुळे वजनमापे खात्याकडेही अर्ज दिलाय. आणि जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. मला पक्कं बिल नाही, जीएसटी नंबर नसलेला अंदाजपत्रकाचा कागद आहे. पण यूपीआयच्या नोंदी आहेत, 'नव्या मिठात सगळं असतं' हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे, दुसरी गोणी मी न उघडता शिवलेली ठेवलीय. चॅट पुसू नका. गोणी फेकू नका. मेलेल्या माशाचा फोटो तारखेसकट काढा, तेव्हा कितीही नको वाटलं तरी.

मिरामारचं किंवा दोनापावलाचं पाणी भरून आणायचा सल्ला मला आता अनेक जण देतायत. मांडवी आणि जुवारीच्या तोंडावरचं पाणी ते, पावसाळ्यात निम्मं गोडं होतं. नका आणू. सीलबंद मीठ घ्या, पहिलं पाणी कालवल्यावर त्याच दिवशी कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी मोजा, आकडे लिहून ठेवा, आणि उरलेले पैसे त्यानंतर द्या.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. त्यात निळ्या लाइटखालच्या एका टाकीचा फोटो आहे, डाव्या बाजूला उंच जांभळा दगड, मध्ये हॅमर, मागे लाकडी खिडकीची चौकट. ती टाकी माझी आहे, फोटो माल सोडला त्या संध्याकाळचा आहे आणि त्यातलं आज काहीही जिवंत नाही. ज्यांना त्याच पांढऱ्या गोणी मिळाल्यात त्यांनी ग्राहक आयोगात माझ्याबरोबर यावं. एकाच हिताच्या ग्राहकांना एकत्र तक्रार करता येते.