रिफंड अडकलाय? 31 डिसेंबरच्या आत उशिराचं रिटर्न, की नंतर माफीचा अर्ज

टीडीएस कापला गेलाय, सप्टेंबरची मुदत हुकलीय आणि रिफंड तर हवाय. डिसेंबर उजाडला की माझ्याकडे अशी माणसं येऊ लागतात आणि प्रश्नही एकच असतो: "आत्ता लेट फी भरून रिटर्न टाकून देऊ, की कागदपत्रं नीट जमवून नंतर उशीर माफ करण्याचा अर्ज करू?"

माझं मत आधीच सांगते. हाती असलेल्या कागदांवर आत्ता भरा. 31 डिसेंबरपर्यंत रिफंड तुम्ही हक्काने मागता, 1 जानेवारीपासून त्याच पैशांसाठी कारणं द्यावी लागतात आणि ती पटतात की नाही हे अधिकारी ठरवतो. खाली आर्थिक वर्ष 2024-25 धरलं आहे. त्याचं उशिराचं रिटर्न भरायची कायद्यातली शेवटची तारीख 31 डिसेंबर 2025.

आत्ता भरलं तर

एका मुलाचं वर्षभराचं करपात्र उत्पन्न 4,80,000 रुपये आहे आणि त्याच्या फ्रीलान्स व्यावसायिक कामाच्या पैशांतून 10 टक्क्यांनी 48,000 टीडीएस गेलाय असं समजा. नव्या करप्रणालीत कलम 87अ ची (ठराविक उत्पन्नापर्यंत कर माफ करणारी) सूट धरली की त्याचा कर शून्य. उत्पन्न 5 लाखांच्या आत असल्यामुळे लेट फी 1,000 रुपये. ती रिफंडमधूनच वळती होते, वेगळं चलन भरावं लागत नाही. हातात 47,000 येतात.

उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर फी 5,000. आणि ज्यांना रिटर्न भरणं बंधनकारकच नाही, केवळ एफडीच्या व्याजावरचा टीडीएस परत हवा म्हणून जे भरतात, त्यांना फी लागतच नाही. एकट्या राहणाऱ्या कितीतरी आज्या, मावश्या "पाच हजार दंड" ऐकूनच मागे फिरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. शिवाय हा दंड नाही, शुल्क आहे. तो माफ करून घ्यायचा अर्ज कुठे मिळतो, हे शोधण्यात डिसेंबर घालवू नका.

उशिराची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. वेळेवर भरणाऱ्याला रिफंडवर 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, उशिरा भरणाऱ्याला रिटर्न भरल्याच्या तारखेपासून. शेअर बाजारातला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. आणि पगारदारांना सगळ्यात जास्त लागतं ते हे: उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी करप्रणाली निवडता येत नाही. 11 लाख पगार, कलम 80क खालच्या गुंतवणुकीचे दीड लाख, राहत्या घराच्या कर्जाचं 2 लाख व्याज आणि आरोग्य विम्याचे 25 हजार असतील, तर पगारदारांची प्रमाणित वजावट धरून जुन्या प्रणालीत सेससकट कर 49,400 होतो, नव्यात 55,900. म्हणजे रिफंड 6,500 ने घटला, वर 5,000 फी. एकूण 11,500 गेले. वाईट वाटतं, पण उरलेला रिफंड तरी नक्की येतो.

नंतर माफीचा अर्ज केला तर

1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 119(2)(ब) झालेला उशीर माफ करण्याचा अधिकार देतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार, करनिर्धारण वर्ष (म्हणजे त्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून 5 वर्षांच्या आत असा अर्ज करता येतो. आधी ही मुदत 6 वर्षांची होती. जुनं ऐकून निवांत बसलेल्यांनी ही कमी झालेली मुदत लक्षात घ्यावी.

1 कोटीपर्यंतचा दावा प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांकडे जातो, 1 ते 3 कोटींचा मुख्य आयुक्तांकडे, त्यावरचा प्रधान मुख्य आयुक्तांकडे. एवढ्या मोठ्या रकमा कुणाच्या, असं वाटेल. पण पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅट विकणाऱ्या परदेशस्थ मराठी माणसाचा टीडीएस नफ्यावर न कापता सगळ्या विक्री किमतीवर कापला जातो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी घेतलेलं नसेल तर त्याचा रिफंड सहज काही लाखांत जातो, आणि तिकडे बसून इथल्या तारखा चुकणंही सोपंच.

अर्जात दोन गोष्टी पटवाव्या लागतात: दावा खरा आहे, आणि तो नाकारला तर तुमची खरोखर मोठी अडचण होईल. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये एका अनिवासी करदात्याच्या प्रकरणात या अडचणीकडे उदारपणे पाहावं, असं म्हटलं होतं. तो आधार मोठा आहे, पण कागदांची जागा तो घेत नाही. हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर, घरातल्या मृत्यूचा दाखला, टीडीएस उशिरा दाखवला असेल तर कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, हे जोडायला हवं. तारखाही जुळायला हव्यात. आजारपण मार्चचं आणि रिटर्न राहिलं डिसेंबरला, तर मधल्या महिन्यांचं काय, हा प्रश्न येणारच. "कामाच्या गडबडीत राहिलं" एवढ्याच कारणावर कुणी अर्ज करायचा म्हटलं, तर मी त्यांना आशा दाखवत नाही.

अर्ज शक्यतो 6 महिन्यांत निकाली काढावा, असं परिपत्रक म्हणतं. मंजुरीनंतर रिटर्न भरायचं, मग ते तपासलं जाणार, मग रिफंड. आणि इतकं थांबूनही अशा रिफंडवर व्याज अजिबात नाही. मघाच्या मुलाने 1,000 रुपये वाचवायला हा रस्ता धरला, तर 48,000 रुपये अनिश्चित काळ अडकतील, आणि सीएची फी वेगळीच.

मग हा मार्ग कुणासाठी? ज्यांची मुदत आधीच गेली आहे त्यांच्यासाठी. त्यांनी मात्र तो नक्की वापरावा. विशेषतः आर्थिक वर्ष 2019-20 चा रिफंड राहिला असेल, तर अर्जाची मुदत 31 मार्च 2026 ला संपते. ते कोविडचे दिवस होते. अनेक घरांत त्या काळातली खरी कारणं आहेत आणि त्यांचे दाखलेही कपाटात पडून आहेत. ते आताच बाहेर काढा.

अपडेटेड रिटर्नचं काय?

आयटीआर-यू ला, म्हणजे अपडेटेड रिटर्नच्या फॉर्मला, आता 4 वर्षांची मुदत आहे, म्हणून "नंतर तेच भरू" असं पुष्कळजण म्हणतात. रिफंडसाठी त्याचा काही उपयोग नाही. त्यात नवा रिफंड मागता येत नाही, असलेला वाढवताही येत नाही. तो फॉर्म कर भरायचा राहिलेल्यांसाठी आहे.

जास्तीचा रिफंड घेतला असेल तर

हे डिसेंबरातच सांगायला हवं. "मी रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटांनी अनेकांच्या रिटर्नमध्ये राजकीय देणग्या, घरभाडं, विमा यांच्या खोट्या वजावटी घातल्या. जुलै 2025 मध्ये आयकर विभागाने अशा प्रकरणांत देशभर 150 ठिकाणी तपासणी केली. तुमच्या बाबतीत असं झालं असेल, तर 31 डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरून जास्तीची रक्कम व्याजासह परत करा. त्यावर जादा कर नाही. नंतर आयटीआर-यू भरलात, तर करनिर्धारण वर्ष संपल्यावर पहिल्या वर्षभरात कर आणि व्याजावर आणखी 25 टक्के, मग 50, 60, 70. आणि नोटिशीची वाट पाहिलीत, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड. कर आणि व्याज भरून दंडातून सूट मागण्याचं कलम 270अअ आहे, पण 2025 मध्ये अशा खोट्या नोंदींना ते लागू होत नव्हतं. तिथे दंड टाळायची खरी संधी नोटीस येण्याआधीच असते.

भरताना

"उशिरा भरणाऱ्याला आता रिफंडच मिळत नाही" हे काहींनी ऐकलं असेल. फेब्रुवारी 2025 मध्ये मांडलेल्या नव्या आयकर विधेयकात तसं कलम होतं खरं, पण लोकसभेच्या प्रवर समितीने ते काढायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्यात ते राहिलं नाही.

मुदत वाढेल म्हणूनही थांबू नका. आर्थिक वर्ष 2023-24 साठी ती 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढली, कारण 87अ च्या करसवलतीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. दरवर्षी असं होत नाही.

पॅन आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर रिफंड सुटत नाही. बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं हवं. फॉर्म 26एएस (तुमच्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा तक्ता) मधला टीडीएस रिटर्नशी ताडून पाहा. आणि रिटर्न टाकल्यावर तिथल्या तिथे आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. त्याला 30 दिवस असतात, पण ते उलटले तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरली जाते. 31 डिसेंबरला भरलेलं रिटर्न फेब्रुवारीत व्हेरिफाय झालं, तर ते मुदतीबाहेरचं ठरतं आणि तुम्ही पुन्हा माफीच्या अर्जाच्या रांगेत जाता.