प्रॉक्समॉक्स, नऊ महिन्यांनंतर: तिसरा नोड जोडायच्या आधी होस्ट्समधली ती एक ओळ बघा

भावोजींचं टॅक्सचं ऑफिस फोंड्याला वरच्या बाजारात. नोव्हेंबरात तिथे दोन जुन्या मिनी पीसींवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी कम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) घातलं आणि दोघांना जोडून क्लस्टर केला; त्यातलं प्रत्येक मशीन म्हणजे एक नोड. एकावर टॅलीचं विंडोज, दुसऱ्यावर फाइल सर्व्हर. सॉफ्टवेअरला एक पैसा लागला नाही. पैसे भरणाऱ्यांसाठीची एंटरप्राइझ रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) बंद करून नो-सबस्क्रिप्शनवाली चालू केली की अपडेट येत राहतात. जूनपर्यंत भेटेल त्याला मी हेच घ्या म्हणून सांगत होतो.

१८ जूनला पावसात लाइट गेली, आली, परत गेली. दुसऱ्या पीसीचा अडॅप्टर उडाला. पहिला ठीक होता, टॅली चालू होतं. घाबरून मी तोही रीस्टार्ट केला आणि तिथेच फसलो. टॅलीचं व्हीएम सुरूच होईना. कोरम (नोडांच्या मतांचं बहुमत) नाही असा एरर. २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी भरायची, आणि भावोजी दर दहा मिनिटांनी, "अरे, अजून किती वेळ रे?" मशीन धडधाकट, डिस्कवरचा डेटा शाबूत, तरी हात लावता येईना. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. शेवटी 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १' ही कमांड सापडली आणि टॅली उघडलं.

आता मत बदललंय. दोन नोड म्हणजे दोन मतं, आणि बहुमताला दोन्ही लागतात. उरलेल्या नोडला कळायला मार्गच नाही की दुसरा बंद पडलाय की मधली केबल निघालीय. केबलच निघाली असेल आणि दोघेही आपापली सेटिंग बदलत बसले, तर नंतर खरं कुणाचं धरायचं? म्हणून तो थांबतो, आणि ते बरोबर आहे. चालू असलेली व्हीएम तो बंद करत नाही. रीस्टार्टची घाई मी केली. दोन नोडांवर थांबायची काटकसरही माझीच. रास्पबेरी पाय या छोट्या कम्प्युटरवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा जोड) बसवून तिसरं मत मिळवता आलं असतं, पण बॅकअपलाही जागा हवी होती, म्हणून १४,५०० रुपयांना आणखी एक सेकंडहँड पीसी घेतला.

त्याचा बोर्डवरचा सेल मेलेला. प्लग काढला की घड्याळ कित्येक वर्षं मागे, आणि अपडेट करायला गेलं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही अशी तक्रार. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. सीआर२०३२ सेल मीच आणून घातला. पुढे वेळ क्रोनी (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) सांभाळतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इन्स्टॉल करताना राऊटरने जो आयपी दिलेला असतो तो इन्स्टॉलर आधीच भरून दाखवतो, आणि आपण पुढे गेलो की तोच कायमचा म्हणून लिहितो. माझा होता १९२.१६८.१.४७. जुने दोन .११ आणि .१२ वर, म्हणून मी वेब इंटरफेसमधून नेटवर्कमध्ये जाऊन .१३ केला. ब्राउझरमध्ये .१३ उघडलं, मी निर्धास्त. पण पीसीला मॉनिटर लावला तर काळ्या स्क्रीनवर अजून .४७:८००६ हाच पत्ता. जुना मजकूर उरला असेल म्हणून सोडून दिला. क्लस्टरला जोडायला गेलो तर नकार: .४७ हा आयपी या नोडवर सापडत नाही. तो मी सगळीकडून काढून टाकला होता ना?

नव्हता काढला. नेटवर्क पॅनेल इंटरफेसेस फाइल (नेटवर्कची सेटिंग) बदलतं, होस्ट्स फाइल (कुठल्या नावाचा कुठला आयपी ते) नाही. आणि नोडच्या नावावरून पत्ता शोधताना होस्ट्सच बघितली जाते. जोडताना वेगळी लिंक (क्लस्टरसाठीचा पत्ता) दिली नसेल तर क्लस्टरलाही तोच पत्ता मिळतो. दोन तास गेले. दुरुस्ती काय? नोड, सिस्टम, होस्ट्स. त्या ओळीत ४७ चे १३ करा, सेव्ह करा, रीस्टार्ट. मग कन्सोलवर 'होस्टनेम --आयपी-अॅड्रेस' द्या; .१३ आलं तरच पुढे जा. नेटवर्क पॅनेलने अप्लाय दाबताना एवढी आठवण करून द्यावी, ही माझी मनापासूनची मागणी आहे. नाव आणि आयपी दोन्ही जोडायच्या आधीच पक्के करायचे असतात. जोडल्यावर ते बदलणं फार त्रासाचं.

त्याच नकारात दुसरी ओळ होती: या होस्टवर आधीच गेस्ट (म्हणजे व्हीएम) आहेत. चाचणीसाठी केलेलं १०० नंबरचं व्हीएम, आणि टॅलीचा नंबरही १००! बॅकअप घेऊन ते काढलं, जोडल्यावर १०३ म्हणून परत आणलं. जोडताना ब्राउझर मधेच अडकतो, कारण सर्टिफिकेट नवं होतं. पान रिफ्रेश करा. डिस्क मांडायची पद्धत वेगळी, म्हणजे नव्यावर झेडएफएस आणि जुन्यांवर एलव्हीएम असेल तर नव्याखाली लोकल-एलव्हीएमवर प्रश्नचिन्ह दिसेल. डेटासेंटरच्या स्टोरेजमध्ये ते जुन्या दोघांपुरतं ठेवा आणि लोकल-झेडएफएस नव्याने घाला.

गेल्या रविवारी ऑफिस बंद असताना दुसऱ्या नोडचा प्लग मुद्दाम काढला. तीनपैकी दोन मतं, कोरम शाबूत. मग जूनमध्ये केलं तेच केलं, पहिला रीस्टार्ट केला. तो परत आला, आणि थोड्या वेळात टॅलीचं विंडोज कुठलीही कमांड न देता वर आलं.