शुगर-बीपीचं वेगळं क्लिनिक की फॅमिली मेडिसिनची ओपीडी?

विकसनशील देशात एखाद्या संस्थेला किंवा दोन-तीन डॉक्टरांच्या ग्रुपला शुगर-बीपीच्या पेशंटसाठी काही उभं करायचं असलं की घोडं इथेच अडतं. फक्त या आजारांचं वेगळं क्लिनिक काढायचं, की फॅमिली मेडिसिनची रोजची ओपीडी, जिथे तापापासून गुडघेदुखीपर्यंत सगळे येणार आणि त्यातच शुगर-बीपीवालेपण. मी दुसऱ्या पार्टीतला, पण पहिल्याचे प्लस पॉइंट आधी सांगतो कारण ते खरे आहेत.

वेगळं क्लिनिक पटकन उभं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६ चं हार्ट्स पॅकेज (बीपी-हृदयविकारावरच्या उपचारांची मार्गदर्शक पुस्तिका) तयारच आहे, पहिली गोळी कुठली, डोस कधी वाढवायचा, दुसरी कधी जोडायची सगळं ठरलेलं, त्यामुळे ट्रेनिंग दिलेली नर्स बराचसा भार उचलते आणि डॉक्टर अवघड केसेसपुरता लागतो. याउलट फॅमिली मेडिसिनचा डॉक्टर तयार व्हायला एमबीबीएसनंतर बऱ्याच देशांत ३ वर्षं जातात, आणि एवढं शिकून तो लहान ठिकाणी टिकेलच असं नाही.

दुसरं म्हणजे रजिस्टर, आणि माझ्या मते क्लिनिकवाल्यांची खरी ताकद हीच. टीबीच्या डॉट्स (देखरेखीखाली औषध देण्याच्या) कार्यक्रमाने पद्धत घालून दिली की एका तिमाहीत नोंदवलेले सगळे पेशंट एक गट धरायचा आणि नंतर बघायचं किती जण उपचारावर आहेत, किती गळाले, किती दगावले. आफ्रिकेतल्या मलावीत एचआयव्हीच्या उपचारांना हीच पद्धत लावली आणि मग डायबेटिस-बीपीलाही वापरली. हिशोब असा चोख राहिला की कोण यायचं थांबलं ते लगेच दिसतं. (पैसे देणाऱ्यांनाही असे आकडे फार आवडतात, ते वेगळं.)

आता गोची कुठे होते बघा. पेशंट एकच आजार घेऊन येत नाही. समजा बाईंना बीपी आहे आणि गुडघे दुखतात म्हणून दुसरीकडून आणलेल्या पेनकिलर रोज चालू आहेत, त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीलाही त्रास देतात, पण बीपी क्लिनिकमध्ये गुडघ्याचं कोणी विचारत नाही म्हणून प्रोटोकॉलप्रमाणे तिसरी बीपीची गोळी सुरू होते. डायबेटिसवाल्याला टीबी व्हायचा धोका २ ते ३ पट असतो, आणि टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणजे टीबीवाला टीबी बघणार, शुगरवाला शुगर बघणार आणि मधल्या मध्ये साखर चढत राहणार. ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद करायची असते, तेही कोणीतरी एकाने सगळे रिपोर्ट एकत्र बघितले तरच लक्षात येतं. शिवाय तीन आजारांची तीन क्लिनिकं तीन वेगळ्या दिवशी असतील तर रोजंदारीवरचा माणूस तीन दिवसांची मजुरी बुडवेल का? एक क्लिनिक तो सोडणारच.

आणि ज्यांना आजार आहे हेच माहीत नाही ते क्लिनिकला येणार कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे जगात ३० ते ७९ वयाच्या साधारण १२८ कोटी लोकांना हाय बीपी आहे, त्यातल्या जवळपास ४६ टक्क्यांना पत्ताच नाही, आणि कंट्रोलमध्ये आहे ते पाचातल्या एकाचं. फॅमिली ओपीडीत खोकला घेऊन आलेल्याच्या दंडालाही पट्टा बांधता येतो, हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

ब्राझीलने १९९४ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं. डॉक्टर, नर्स, नर्सिंग असिस्टंट आणि घरोघरी फिरणारे आरोग्यसेवक अशी टीम, आणि प्रत्येक टीमला ठरावीक तीन-चार हजारांची वस्ती. जिथे या टीम जास्त पोचल्या तिथे दीर्घ आजारांमुळे दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं. क्युबाने त्याआधी १९८४ मध्ये डॉक्टर-नर्सची जोडीच वस्तीत नेऊन बसवली होती.

पण नुसती पाटी लावून फॅमिली मेडिसिन होत नाही. पेशंटचा लोंढा आला की तापवाला आणि पाच वर्षांपासून शुगर असलेला एकाच रांगेत, दोघांना तीन-तीन मिनिटं, आणि शुगरवाल्याला काय मिळतं, तर 'त्याच गोळ्या चालू ठेवा'. डोस वाढवायला हवा होता हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. डॉक्टर सहा-सहा महिन्यांनी बदलत असेल तर ओळखीचा डॉक्टर हा मुख्य फायदाच गेला, मग त्यापेक्षा प्रोटोकॉलवर चालणारं साधं क्लिनिक परवडलं.

म्हणून काय निवडायचं ते तुमच्याकडे काय आहे त्यावर. पैसे वर्षभराचेच असतील आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच येणार असेल तर क्लिनिक काढा, फक्त वेगळी इमारत नको, चालू असलेल्या दवाखान्यातच एक खोली आणि एक नर्स घ्या. एचआयव्ही किंवा टीबीचं चांगलं चालणारं केंद्र आधीच असेल तर त्याच रजिस्टरमध्ये बीपी-शुगरचे रकाने वाढवा, नव्याने सगळं मांडू नका. पाच-सात वर्षं राहायचं असेल आणि वस्ती ठरलेली असेल तर सरळ फॅमिली मेडिसिन, पण क्लिनिकवाल्यांचं रजिस्टर उचलून. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यूएन संस्थेच्या दवाखान्यांत असंच आहे, २०११ पासून फॅमिली हेल्थ टीम आणल्या आणि डायबेटिस-बीपीचा गटवार हिशोबही ठेवतात.

दोन्हीकडे आधी तपासायची गोष्ट मात्र औषधांचा पुरवठा. स्थिर पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची पद्धत एचआयव्हीत रुळली आहे, ती शुगर-बीपीलाही चालते आणि रांग बरीच कमी होते, पण स्टॉकच महिन्याचा असेल तर कसली देणार? तसंच डोळ्याचा पडदा आणि पायाच्या जखमा, यासाठी पाठवायचं कुठे ते उद्घाटनाआधी ठरवून फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा.