वांगावर लिंबू आणि चंदनाचं तेल: सहा महिन्यांनंतर

दोन्ही बाटल्या तळाला गेल्या, आता लिहायला हरकत नाही. गालावरचं वांग आणि पुळ्यांनंतरचे काळे डाग, दोन्हींवर रोज रात्री लावून पाहिलं.

आधी लेबलबद्दल, कारण राग त्याचाच आहे. लिंबाच्या बाटलीवर '१०० टक्के शुद्ध' ठळक छापलंय, पण तेल साल दाबून काढलंय की वाफेवर, याचा पत्ता नाही. विक्रेत्याला तीनदा विचारलं. 'नॅचरल आहे, काही होत नाही' एवढंच उत्तर. होतं ना! दाबून काढलेल्या तेलात सालीतली फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं उतरतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते आणि होता त्याहून गडद डाग मागे राहतो. वाफेवरच्या तेलात ती जवळजवळ नसतात. म्हणून तर इफ्राने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, अंगावर राहणाऱ्या (न धुतल्या जाणाऱ्या) उत्पादनांत दाबलेल्या लिंबू तेलाला २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. डाग घालवायला घेतलेल्या बाटलीवर हेच लिहायचं नाही? आणि लिंबू म्हणजे क जीवनसत्त्व, हेही डोक्यातून काढा. ते पाण्यात विरघळतं, या तेलात येतच नाही.

प्रमाण १ टक्का: ३० मिली जोजोबा तेलात ०.३ मिली. सगळे '६ थेंब' सांगतात, पण चंदनाचं तेल दाट, लिंबाचं पातळ. थेंब सारखे पडत नाहीत. औषधाच्या दुकानातली १ मिलीची सिरिंज घ्या. पुळ्या येत असतील तर जोजोबाऐवजी खोबरेल नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, ७ दिवस लावून बघा. सावळ्या त्वचेवर साधी जळजळसुद्धा डाग ठेवून जाते. लिंबाच्या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास आला की टाकून द्या. त्यातलं लिमोनीन हवेने बिघडतं आणि ॲलर्जी देतं.

तीन महिन्यांत पुळ्यांचे डाग फिकटले, तेव्हा श्रेय चंदनाला दिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. चौथ्या महिन्यात तेल बंद, फक्त लोह ऑक्साइडचं टिंटेड सनस्क्रीन चालू. डाग त्याच वेगाने उतरत राहिले. पाचव्यात तेल पुन्हा लावलं, वेग वाढला नाही. वांग जिथल्या तिथे. चंदनाच्या तेलातला मुख्य घटक सँटॅलॉल परीक्षानळीत टायरोसिनेजला, म्हणजे त्वचेचा रंग बनवणाऱ्या एन्झाइमला, अडवतं, पण परीक्षानळी म्हणजे गाल नव्हे.

तरी चंदनाचं तेल घ्यायचंच असेल तर बॅचचा रिपोर्ट मागा: आल्फा-सँटॅलॉल (सँटॅलॉलचा एक प्रकार) ४१ ते ५५ टक्के हवं. १० मिली दोन-तीनशे रुपयांत मिळत असेल तर ते चंदन नाही. त्या पैशांत सनस्क्रीन येतं. उरलेलं लिंबाचं तेल फरशी पुसायच्या पाण्यात जातंय, चेहऱ्याला पुन्हा नाही.