घरातला माइनक्राफ्ट सर्व्हर: पेपर आणि गायझर, दोन वर्षं वापरल्यानंतर

२०२३ च्या दिवाळीत सगळी भाचरं आमच्याकडे नाशिकला जमली होती. भाऊबीज झाली की डोंबिवलीची दोघं आणि मडगावचा एक आपापल्या घरी जाणार, चार दिवस रंगलेला माइनक्राफ्टचा (ठोकळ्यांनी जग बांधायचा) खेळ अर्धवट राहणार, हे दरवर्षीचंच. त्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या लॅबमध्ये आहे तसा सर्व्हर आपल्या घरी का नाही करत?" मी तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. लिनक्स रोजच्या हाताखालचं आहे, त्यामुळे नाही म्हणायचं कारणच नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरी चपलांच्या कपाटावर, राउटरच्या शेजारी, माइनक्राफ्टचा सर्व्हर, म्हणजे मुलांचं सामायिक जग सांभाळणारं मशीन, चालू आहे. पेपर आणि गायझर ही त्याच्यावरची दोन सॉफ्टवेअर. त्यावर पाच मुलं आणि एक आत्या, म्हणजे मी, आहे. घरी असं काही करावं का, असं मला शाळेतल्या पालकांनी बऱ्याचदा विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मशीन. ऑफिसातून निघालेला, पुस्तकाएवढा एक जुना मिनी पीसी मी साडेनऊ हजारांना घेतला. त्यात आय-५-७५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी होती. विकणाऱ्याने तो बाहेरून चकचकीत पुसून दिला होता, पण आत पंख्यात धुळीचा नमदा बसला होता आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती काढून नवीन लावली, ८ जीबीची आणखी एक रॅम बसवली, डेबियन हे लिनक्स टाकलं. जुनं मशीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते उघडून बघावं. माइनक्राफ्टच्या सर्व्हरला प्रोसेसरचे खूप गाभे (कोअर) लागत नाहीत. जगाचा मुख्य हिशोब एकाच गाभ्यावर चालतो, म्हणून तो एक गाभा जितका वेगवान तितकं चांगलं. माझ्या वॅट-मीटरवर हे मशीन सरासरी १५ वॅट घेतं, म्हणजे महिन्याला अकरा युनिटच्या आसपास. चोवीस तास चालू ठेवायला मला ते जड वाटत नाही.

खरी अडचण इंटरनेटची निघाली. आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते: मशीन घ्यायच्या आधी हे तपासा. माइनक्राफ्टच्या जावा या संगणकावरच्या आवृत्तीचा सर्व्हर २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या एका ठरावीक दारावर, ऐकतो. राउटरमध्ये ते पोर्ट आपल्या मशीनकडे वळवलं की बाहेरचे लोक आत येऊ शकतात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी ते केलं. डोंबिवलीहून भाची दोन तास "कनेक्ट होत नाही गं आत्या" करत राहिली. शेवटी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला, तर तो १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, की समजायचं आपल्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळालेला नाही. इंटरनेटवाला एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतो, आणि मग आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्टं उघडली तरी बाहेरून कुणी आपल्यापर्यंत पोचत नाही. आमच्या इंटरनेटवाल्याने कायमचा पत्ता देण्यासाठी वर्षाचे वेगळे पैसे सांगितले. ते देण्याऐवजी मी टेलस्केल वापरलं. प्रत्येक मुलाच्या मशीनवर ते टाकायचं, मग सगळी मशीनं एकाच घरातल्या जाळ्यात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. (टेलस्केलचे पत्तेही त्याच १०० च्या पट्ट्यातले असतात, तेव्हा गोंधळू नका.) मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जगाला उघडं असं एकही पोर्ट आमच्याकडे नाही.

हा आग्रह उगाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या घटकात जे भगदाड सापडलं, त्याने माइनक्राफ्टचे सर्व्हरही धोक्यात आले होते. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हरच्या मशीनवर परक्याचा कोड चालवता येत होता. १.१८.१ आवृत्तीत ते बुजवलं. आमच्या मशीनवर घरातले फोटोही आहेत. म्हणून सर्व्हरला वेगळा साधा वापरकर्ता दिलाय, व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) चालू आहे, आणि ऑनलाइन-मोड कधीही बंद करत नाही. तो बंद केला की खातं खरं की खोटं याची तपासणीच होत नाही. मग कुणीही माझं नाव लावून आत येईल आणि माझे सगळे अधिकार त्याच्या हातात जातील. खेळ विकत न घेता खेळता यावं म्हणून तो मोड बंद करून द्या, अशी विनंती मुलाच्या मित्रांकडून आली होती. मी नाही म्हटलं आणि पुढेही म्हणेन.

आता मुख्य गोष्ट, पेपर. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचं मूळ सर्व्हर सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पहिले दोन आठवडे मी तेच चालवलं. एक मूल असेपर्यंत सगळं छान. पण पाच जण पाच दिशांना धावले की आमच्या जुन्या मशीनला धाप लागायची. सर्व्हर सेकंदाला २० टिक मोजतो, म्हणजे एका टिकचं सगळं काम ५० मिलिसेकंदांत व्हायला हवं. ते झालं नाही, की दार उघडायला वेळ लागतो आणि फोडलेला दगड परत जागेवर येतो. पेपर हे त्याच खेळाचं सुधारलेलं सर्व्हर सॉफ्टवेअर. तेही फुकट आहे आणि प्लगइन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर, घेतं. त्याच जगावर, त्याच मशीनवर पेपर चढवल्यावर फरक पहिल्याच संध्याकाळी मुलांना जाणवला, मला सांगावं लागलं नाही. त्याबरोबर व्ह्यू-डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं जग दिसावं ते, १० वरून ६ वर आणलं. १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे १६ बाय १६ ठोकळ्यांचे तुकडे) सांभाळावे लागतात. ६ वर ते १६९ होतात. लांबचे डोंगर जरा धुक्यात जातात, पण खेळ अडत नाही. चंकी नावाच्या प्लगइनने मध्यापासून ३००० ठोकळ्यांपर्यंतचं जग एका रात्रीत आधीच तयार करून ठेवलं, त्यामुळे मुलं नव्या मुलखात गेली की होणारी अडखळही थांबली.

पेपरमध्ये १.२१ पासून स्पार्क हे मोजमाप करणारं प्लगइन आतच येतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. गेल्या पावसाळ्यात एकदा सगळं मंदावलं. स्पार्क लावलं तर बराचसा वेळ प्राण्यांवर जात होता. मडगावच्या भाच्याने एका बंदिस्त खुराड्यात चारशेच्या वर कोंबड्या जमवल्या होत्या. मी त्याला मोजमापाचं पान दाखवलं, त्याने स्वतः आकडे वाचले आणि पन्नास कोंबड्या ठेवायचं कबूल केलं. "आत्या, पण मी निवडणार कुठल्या ठेवायच्या." तो तासभर निवडत बसला होता.

दुसरं प्लगइन कोअरप्रोटेक्ट. कुणी काय फोडलं, कुणाच्या पेटीतून काय उचललं, सगळी नोंद राहते. भाचीच्या पेटीतून नऊ हिरे गेले तेव्हा तिघांनी शपथा घेतल्या. नोंद बघितली तर नाव माझ्याच मुलाचं. सगळ्यांसमोर त्याने परत दिले.

पेपरची एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. मूळ खेळातल्या काही पळवाटा, उदाहरणार्थ टीएनटी (स्फोटक ठोकळे) फुकटात वाढवण्याची युक्ती, पेपर मुद्दाम बंद ठेवतं. रेडस्टोनची (खेळातल्या विजेवर चालणारी) यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या भाच्याचं एक यंत्र त्यामुळे चालेना. सेटिंगमध्ये ते परत सुरू करता येतं. मी आधी दोन दिवस विचार केला आणि मग करून दिलं.

गायझरशिवाय आमचं निम्मं गोकुळ बाहेरच राहिलं असतं. डोंबिवलीची दोघं मोबाइलवर खेळतात. मोबाइलवरचा माइनक्राफ्ट ही बेडरॉक आवृत्ती, तिची भाषाच जावा आवृत्तीपेक्षा वेगळी. गायझर मधे बसून दुभाष्याचं काम करतं, आणि सोबतचं फ्लडगेट त्या मुलांना जावाचं वेगळं खातं न घेता आत घेतं. त्यांच्या नावापुढे एक टिंब लागतं, एवढीच ओळख. मोबाइलसाठी १९१३२ हे यूडीपी पोर्ट लागतं. मोबाइलवरचा खेळ आपोआप अद्ययावत होतो, आणि तसा झाला की गायझरही लगेच नवीन करावं लागतं. हे काम नेमकं शनिवारी सकाळी उगवतं. लहान मुलाचं खातं असेल तर मल्टिप्लेअरची परवानगी पालकांच्या खात्यातून द्यावी लागते, ती आधीच देऊन ठेवा. आम्ही सर्व्हरमध्ये चूक शोधत बसलो होतो आणि अडलं होतं त्या परवानगीवर.

मे २०२४ मधली एक दुपार मात्र मी विसरणार नाही. सिन्नरला माझ्या माहेरचं जुनं घर होतं: पडवी, माजघर, मागे गोठा आणि आड. ते आता उभं नाही. भाचीने ते कधी नीट बघितलंही नव्हतं. तिने आजीला विचारून विचारून, कागदावर नकाशा काढून ते घर सर्व्हरवर बांधलं. कौलांसाठी विटांच्या पायऱ्या, काळ्या दगडासाठी बसाल्ट, गोठ्यात दोन गाई. तीन महिने लागले तिला. त्या दुपारी लाईट गेली, सर्व्हर जग जतन करत असतानाच मशीन बंद पडलं. परत चालू झाल्यावर भाचीचा फोन, आवाज रडवेला. मी आत जाऊन बघितलं, तर माजघर आणि गोठ्याच्या जागी बरोबर १६ बाय १६ ठोकळ्यांचा एक चौकोन कापल्यासारखा, आणि त्यात मूळचा डोंगर, गवत, एक ओकचं झाड. चौकोनाच्या कडेला पडवीचे खांब अर्धे चिरलेले. त्या चंकची नोंद बिघडली, म्हणून सर्व्हरने तो तुकडा कोऱ्या जगासारखा नव्याने घडवला होता. गाईंची नोंद वेगळ्या फोल्डरमध्ये असते, ती शाबूत होती, त्यामुळे गाई जागच्या जागी मातीत गाडल्या गेल्या आणि गुदमरून मेल्या.

बॅकअप होता. त्याच दिवशी पहाटे चारचा. सर्व्हर थांबवला, रीजन फोल्डरमधली त्या भागाची एक फाइल आणि एंटिटीज फोल्डरमधली त्याच नावाची दुसरी, अशा दोन्ही जुन्या फायली जागेवर ठेवल्या. माजघर परत आलं, गाईही आल्या. सकाळपासून बसवलेली दोन खिडक्यांची तावदानं तेवढी गेली, ती तिने पुन्हा बसवली. पण तो बॅकअप त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर होता. डिस्कच गेली असती तर मी त्या मुलीला काय सांगणार होते, हा विचार करून त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: रॅमवर खर्च करायच्या आधी एक बाहेरची डिस्क घ्या. आता पहाटे चारला एक स्क्रिप्ट चालते. ती आधी सेव्ह-ऑल (सगळं जग जतन कर) देते, मग सेव्ह-ऑफ (डिस्कवर लिहिणं थांबव), मग बाहेरच्या डिस्कवर नक्कल करते आणि शेवटी सेव्ह-ऑन (लिहिणं परत सुरू कर). लिहिणं न थांबवता चालू जगाची नक्कल केली तर तीच अर्धवट निघू शकते. महिन्यातून एकदा मी ती नक्कल लॅपटॉपवर उघडून जगात फिरून येते, उघडतेय याची खात्री करायला. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं एक बटण असतं. ते आमच्याकडे कायम साध्या मोडवर होतं, त्यामुळे लाईट गेली की मधल्या क्षणात मशीन बंद पडायचं. बटण फिरवल्यापासून एकदाही पडलेलं नाही. मशीन आणि राउटर दोन्ही त्याच्यावर घेतलेत.

अद्ययावत करताना घाई करू नये. १.२०.५ पासून किमान जावा २१ लागतो. आमच्याकडे जावा १७ होता, त्यामुळे सर्व्हर सुरूच होईना. आणि एकदा नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्या आवृत्तीत परत नेऊ नये, म्हणून मी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावत नाही.

वेळेचा हट्टही सर्व्हरनेच सोडवला. परीक्षेच्या दिवसांत वहिनीचा फोन आला, "ताई, रात्री साडेनऊला बंद करा हो, माझं ऐकत नाहीत." क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) दोन ओळी टाकल्या. नऊ वीसला सगळ्यांच्या पडद्यावर आत्याच्या नावाने सूचना येते, दहा मिनिटं राहिली, सामान पेटीत ठेवा. साडेनऊला जग जतन होऊन सर्व्हर थांबतो. आता त्यावर वाद होत नाही, कारण तो सगळ्यांसाठी एकाच वेळी थांबतो.

ज्या घरात टर्मिनल उघडणारं कुणी नाही, त्यांनी महिन्याचे पैसे भरून रिअल्म्स, म्हणजे मोजांगचाच तयार सर्व्हर, घ्यावं. त्यात यातलं काहीच करावं लागत नाही. फक्त सगळ्या मुलांकडे एकाच प्रकारची आवृत्ती हवी, कारण जावा आणि बेडरॉकचे रिअल्म्स एकत्र येत नाहीत. आमच्यासारखी निम्मी मुलं मोबाइलवर असतील आणि आठवड्याचा एखादा तास द्यायची तयारी असेल, तर पेपर आणि गायझर ही जोडी मी डोळे झाकून सांगेन. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या शनिवार सकाळच्या अद्ययावतीकरणाचा कापला.

दुसरी नक्कल घराबाहेर असावी म्हणून दोन डिस्क केल्या आहेत. भाऊबीजेला भाऊ एक डोंबिवलीला घेऊन जातो आणि मागच्या वर्षीची परत आणतो. यंदा त्याच्या पिशवीत ती फराळाच्या डब्याखाली ठेवली होती, भाचीने वर काढून स्वेटरमध्ये गुंडाळली.