१.१.१.३: घरच्या वाय-फायसाठी फुकट चाळणी, पण नीट लावली तरच

ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकलं की फोन सगळ्यात आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) काय? उत्तर आलं की मगच पान उघडायला लागतं. हा सर्व्हर नेट देणारी कंपनी ठरवून देते आणि बहुतेक घरांत तो कधीच बदलला जात नाही. क्लाउडफ्लेअर या अमेरिकी इंटरनेट कंपनीची '१.१.१.१ फॉर फॅमिलीज' ही सेवा नेमक्या या टप्प्यावर काम करते. मूळ १.१.१.१ आलं १ एप्रिल २०१८ ला. दोन वर्षांनी, शाळा बंद होऊन मुलं घरी बसली होती तेव्हा, ही घरगुती आवृत्ती आली. १.१.१.२ फक्त व्हायरस आणि फसवणुकीच्या साइट अडवतो, तर १.१.१.३ त्याशिवाय अश्लील साइटही अडवतो. पैसे नाहीत, खातं उघडायचं नाही, काही इन्स्टॉल करायचं नाही. घरात शाळकरी मुलं असतील तर ही सेवा जरूर लावावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र अर्धवट लावली तर ती नसल्यासारखीच, आणि बहुतेक घरांत ती अर्धवटच लावली जाते.

राउटरमध्ये लावायची तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. लॉगिन करून डीएचसीपीच्या (घरातल्या फोनना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगच्या) पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस असे दोन रकाने शोधा. पहिल्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात १.०.०.३, अर्थात इंग्रजी आकड्यांत. दुसरा रकाना रिकामा ठेवणं किंवा तिथे सवयीने गुगलचा ८.८.८.८ टाकणं ही नेहमीची चूक. सेकंडरी म्हणजे फक्त अडीअडचणीला, असं नसतं. बरीच उपकरणं दोन्हीकडे विचारतात, आणि ८.८.८.८ काहीच अडवत नाही. सेव्ह केल्यावर प्रत्येक फोनचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा, नाहीतर तो जुनाच डीएनएस धरून बसतो. कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये हे रकाने बदलताच येत नाहीत. तिथे प्रत्येक फोनवर वेगळं लावण्याला पर्याय नाही.

खरी गळती आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीतून होते. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर ते चालू असतं. तुम्ही बदललेले आकडे आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे असतात. आयपीव्ही६ साठी राउटर फोनला कंपनीचाच डीएनएस सांगत राहतो, आणि फोन खुशाल त्याला विचारतो. सगळं बरोबर भरूनही साइट उघडते ती यामुळे. आयपीव्ही६ च्या पानावर २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ हे दोन पत्ते भरले की हे भोक बुजतं.

राउटरवरची चाळणी फक्त घरच्या वाय-फायपुरती. मोबाइल डेटा चालू केला की ती संपली. म्हणून मुलाच्या हातातल्या अँड्रॉइड फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' लावणं जास्त उपयोगाचं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. सेटिंग्जच्या सर्चमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा आणि 'प्रोव्हायडर होस्टनेम' निवडा. इथे आकडे चालत नाहीत, नावच लागतं: फॅमिली.क्लाउडफ्लेअर-डीएनएस.कॉम, सगळी अक्षरं इंग्रजी स्मॉल, स्पेस नाही. 'फ्लेअर'चं स्पेलिंग एफ-एल-ए-आर-ई. एक अक्षर चुकलं तरी नेट बंद पडल्यासारखं होतं. या मार्गाने विचारणा एन्क्रिप्ट (सांकेतिक) होऊन जाते, त्यामुळे तुम्ही कुठल्या साइटचं नाव विचारलंत हे नेट कंपनीला त्या विचारणेतून वाचता येत नाही. राउटरमध्ये नुसते आकडे भरले तर ते वाचता येतं. अडचण एकच: काही कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या वाय-फायवर यासाठीचा ८५३ हा पोर्ट (नेटवर्कवरचा ठरावीक मार्ग) बंद असतो. तिथे तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' करावं लागतं.

लागलं की नाही हे तपासायला क्लाउडफ्लेअरनेच चाचणीची पानं ठेवली आहेत: मालवेअर.टेस्टकॅटेगरी.कॉम आणि न्युडिटी.टेस्टकॅटेगरी.कॉम. दोन्ही उघडता कामा नयेत. अडवलेल्या साइटसाठी सर्व्हर ०.०.०.० असा पोकळ पत्ता परत देतो, त्यामुळे क्रोममध्ये साइटपर्यंत पोहोचता येत नाही एवढाच कोरडा संदेश दिसतो. 'हे पान अडवलं आहे' असं कुठेच लिहून येत नाही. ही या सेवेची आम्हाला खटकणारी बाजू. मुलाला वाटतं नेट गेलं. त्याला आधीच सांगून ठेवा की काय लावलंय आणि का. चोरून लावलेली चाळणी लक्षात आली की मुलं पहिल्यांदा व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं अॅप) शोधतात, आणि व्हीपीएनपुढे डीएनएसचं काही चालत नाही.

तिच्या मर्यादाही नीट समजून घ्या. डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं पान दिसत नाही. यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ किंवा इन्स्टाग्रामवरची एखादी रील ती अडवू शकत नाही. यूट्यूबला रिस्ट्रिक्टेड मोड आणि गुगलला सेफसर्च वेगळं लावा. व्हॉट्सअॅपवर ई-चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके (अॅप इन्स्टॉल करणारी) फाइल व्हॉट्सअॅपच्याच सर्व्हरवरून उतरते, त्यामुळे तीही सरळ आत येते. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढेही ही सेवा निरुपयोगी. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर १.१.१.२ लावा (प्रायव्हेट डीएनएसमध्ये फॅमिलीच्या जागी सिक्युरिटी), पण अनोळखी एपीके उघडायची नाही आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे त्यांना समजावून सांगावंच लागेल.

एखादी साइट तेवढी मोकळी करायची, रात्री दहानंतर गेम बंद ठेवायचे, असलं काही इथे जमत नाही. त्यासाठी नेक्स्टडीएनएस ही अशीच दुसरी सेवा बघा. तिथे खातं उघडून स्वतःची यादी करता येते. महिन्याला ३ लाख विचारण्यांपर्यंत ते फुकट आहे. ती मर्यादा ओलांडली की नेट चालू राहतं पण चाळणी थांबते, आणि चार-पाच फोन आणि टीव्ही असलेल्या घरात ती ओलांडायला वेळ लागत नाही.

राउटर रिसेट झाला किंवा कंपनीच्या माणसाने बदलून दिला की भरलेले सगळे आकडे पुसले जातात. त्या दिवशी आकडे पुन्हा भरून चाचणीची दोन्ही पानं उघडून बघा.